आमच्या शेगडीची लाल चिठ्ठी

गुरुवार, मधली सुट्टी

तीर्थस्वरूप मामा,

तुम्हाला भाच्याचा वाकून नमस्कार, आणि मामींना दुसरा, जरा जास्त वाकून (कारण शेवटचा शब्द त्यांचाच असतो, हे आपण दोघेही जाणतो).

तुमच्या डोळ्याचे ऑपरेशन नीट झाले, पट्टी निघाली आणि निघताक्षणी तुम्ही दवाखान्यातल्या पंख्याची वायर सैल असल्याचे डॉक्टरांना सुनावलेत, हे मामींच्या पत्रातून कळले. वाचून जिवात जीव आला. तुम्ही बरे झाल्याची याहून पक्की खूण नाही. मामींचा गुडघा कसा आहे? जिना चढू नका म्हणावे. त्या ऐकणार नाहीत, पण मी म्हटले होते एवढे कळवावे. तुमचे कान तसेच असणार (गॅस कंपनीत चाळीस वर्षे त्या धडधडणाऱ्या यंत्रांशेजारी तपासनीस म्हणून काढल्यावर कान तरी काय करतील), म्हणून फोन न करता लिहायला बसलो. शिवाय फोनवर तुम्ही "काय?" म्हणता, मग मला तेच पुन्हा मोठ्याने सांगावे लागते, आणि ही हकीकत मोठ्याने सांगण्यासारखी नाही. पत्राचे कारण विचाराल तर काही नाही. सहज लिहितो आहे.

आम्ही सगळे खुशाल आहोत. खुशाल म्हणजे हिंडते-फिरते आहोत. आमच्या घरात काही शिजले त्याला आज नऊ दिवस झाले. शेगडीच्या कॉकवर लाल चिठ्ठी चिकटवलेली आहे. ती माझ्या मुलीने लावली, माझ्या देखरेखीखाली छापली गेली, आणि मीच केलेल्या नियमाप्रमाणे मला ती काढता येत नाही. तशी ती नखाने निघेल. काल पाहिले, एक कोपरा सुटलासुद्धा आहे. पण मी ती काढली, तर उद्या चौतीस मुलांच्या घरी लागलेल्या सगळ्या चिठ्ठ्या भराभर निघतील, महिनाभर शिकवलेले पाण्यात जाईल, आणि माझी मुलगी मला पुन्हा काही विचारायला येणार नाही. म्हणून मी केळी खातो आहे. हे कसे घडले ते सुरुवातीपासून सांगतो, म्हणजे तुम्हीच न्याय करा.

दीड महिन्यापूर्वी शाळेत वरून एक जाडजूड लखोटा आला. आत "वीज आणि नैसर्गिक वायू यांपासून सुरक्षितता : वर्गात घ्यायचे उपक्रम" अशी पुस्तिका होती. मुख्याध्यापिका बाईंनी ती सगळ्या शिक्षकांसमोर धरली आणि विचारले, कोण घेणार? सगळे शिक्षक एकदम खिडकीबाहेर पाहू लागले. मी मात्र, तुमचा अभिमान असल्यामुळे, सहज बोलून गेलो की माझे मामा गॅस कंपनीत होते. झाले. मामा तुम्ही आणि पुस्तिका माझ्या गळ्यात. बाई म्हणाल्या, तुमच्या रक्तातच आहे हे. (रक्तात काय आहे ते आता कळते आहे. आपल्या घराण्यात एक खोड आहे, सांगितले त्यापेक्षा एक ओळ जास्त लिहायची. तुम्ही तपासणीच्या फॉर्मवर शेरे लिहून फॉर्म उलटा करायचात, आठवते ना? या सगळ्या प्रकरणाचे मूळ माझ्या अशाच दोन जादा ओळींत आहे.)

पहिला उपक्रम विजेचा होता. मुलांनी गोल करून उभे राहायचे. एक जण बॅटरी, एक दिवा, एक स्विच, उरलेले सगळे तार. बॅटरीने चेंडू द्यायचा, तो हातोहात फिरत दिव्याकडे गेला की दिव्याने हसायचे. स्विचने बाजूला सरकायचे, की वीज बंद. पुस्तिकेत हे फार सोपे दिसत होते. पण स्विच म्हणून मी ज्या मुलाला निवडले त्याला जन्मात पहिल्यांदाच अधिकार मिळाला होता. तो बाजूला सरकला तो सरकलाच. तास संपला, पुढचा तास संपला, तार जागच्या जागी उभी, दिवा रडकुंडीला आलेला, आणि स्विच हाताची घडी घालून छताकडे पाहतोय. शेवटी त्याच्या आईला बोलावून आणले. (ती म्हणाली, घरी आता पान वाढायचे की नाही हेही तोच ठरवतो.) अर्थिंगसाठी मी शेवटच्या बाकावरच्या एका अबोल मुलीला कोपऱ्यात उभे केले आणि समजावले, की भलतीकडे गेलेली वीज हिच्यातून मुकाट्याने जमिनीत जाते, म्हणून बाकीच्यांना इजा होत नाही. तेव्हापासून वर्गात कोणाचे भांडण झाले की दोघेही आळीपाळीने तिच्यासमोर जाऊन मनसोक्त ओरडतात आणि शांत होऊन जागेवर येतात. ती मान डोलावते व जमिनीकडे पाहते. मागच्या आठवड्यात मुख्याध्यापिका बाईही तिच्याजवळ पाच मिनिटे उभ्या राहून आल्या.

मग गॅस. नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम घाणेरडा वास घालतात, हे लहानपणी तुम्हीच मला सांगितले होते. मी ते वर्गात सांगताच एका मुलीने विचारले, वास घालणाऱ्या माणसाला त्या दिवशी सर्दी झाली असेल तर? (याचे उत्तर कृपया कळवावे. त्या माणसाला सर्दी होत नाही असे सांगून मी तूर्त वेळ मारून नेली आहे.) पुस्तिकेत म्हटले होते की वासाची कार्डे मागवून मुलांना हुंगायला द्या. कार्डे आली नाहीत. मग मी एक अंडे पत्र्याच्या डब्यात घालून अकरा दिवस उन्हाच्या खिडकीत ठेवले. बाराव्या दिवशी वर्गात झाकण उघडले, आणि मामा, काय सांगू, चौतीस मुले बावन्न सेकंदांत वर्गाबाहेर. रांगेत. कोणी दप्तर उचलले नाही, कोणी पंख्याच्या बटणाला हात लावला नाही, एकाने जाता जाता खिडक्या उघडल्या. मला भरून आले. (काही अंशी अंड्यामुळे.)

बाहेर काढणे सोपे गेले, आत आणणे जमेना. अधिकृत माणसाने तपासून सांगितल्याशिवाय आत परतायचे नाही, असे मीच शिकवले होते, आणि मुले झाडाखाली बसून अधिकृत माणसाची वाट पाहू लागली. मी म्हटले, अरे, ते अंडे होते, मीच ठेवले होते. त्यांनी आपसात विचार केला आणि सांगितले की गळती करणाऱ्यालाच गळती नाही असे म्हणू देता येणार नाही. मग आमच्या शिपाईकाकांना टोपी घालून आत पाठवले. ते छाती पुढे काढून बाहेर आले व म्हणाले, वास नाही. मुलांनी विचारले, कशाने तपासले? काकांनी नाक दाखवले. नाकाला थोड्या वेळाने वासाची सवय होते आणि मग काही कळेनासे होते, असे मुलांनी काकांना सांगितले. (तेही मीच शिकवले होते.) त्या दिवशी भूगोल झाडाखाली झाला.

इथे थांबलो असतो तर बरे झाले असते. पण पुढच्याच सोमवारी शाळा पाहायला मोठे साहेब आले, आणि दुपारी मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत त्यांनी आपला डबा उघडला. डब्यात उकडलेली अंडी होती. वारा आमच्या वर्गाकडे होता. पुढचे तुम्ही ताडले असेलच. या खेपेस फक्त माझा वर्ग नव्हे, सगळी शाळा बाहेर. सर्वांत शेवटी साहेब, हातात अर्धे अंडे. मी मनात राजीनाम्याचा मजकूर जुळवत होतो. साहेबांनी घड्याळ पाहिले, अंडे संपवले, आणि असा उपक्रम उभ्या हयातीत पाहिला नाही म्हणून माझी पाठ थोपटली. शेरेबुकात चांगले पानभर लिहिले. शेवटी लिहिले की उपक्रम आता मुलांच्या घरापर्यंत न्यावा, आणि सर्वांत सुरक्षित घराची हिरवी चिठ्ठी पहिल्यांदा या शिक्षकांच्याच घरी लागावी. ती लावायला ते स्वतः येत्या शनिवारी सकाळी येतील. कौतुकापासून माणसाला वाचवणारा कोणी नसतो, मामा.

म्हणून चिठ्ठ्या. हिरवी म्हणजे ठीक, पिवळी म्हणजे दुरुस्त करा, लाल म्हणजे वापर बंद. नियमही पुस्तिकेतलेच, चार ओळींचे. त्याखाली मी माझ्या दोन घातल्या. एक : लाल चिठ्ठी फक्त अधिकृत माणसालाच काढता येईल, पालकांना नाही आणि शिक्षकांनाही नाही. (हे "शिक्षकांनाही नाही" मी टाळ्या मिळाव्यात म्हणून लिहिले. मिळाल्या.) दोन : मोठे माणूस "काही होत नाही" असे म्हणाले, की तिथे आणखी न तपासता थेट लाल. ही दुसरी ओळ खरे तर तुमची आहे. चाळीस वर्षांत आपण जिथे जिथे धावत पोचलो तिथे कोणीतरी आधी हे तीन शब्द म्हटलेले होते, असे तुम्ही नेहमी सांगायचात.

पहिली लाल चिठ्ठी आमच्या शिक्षकखोलीला लागली. तिथे चहाची जी कॉइलची शेगडी आहे तिच्या वायरीला प्लग नाही. तारांची दोन उघडी टोके सॉकेटच्या भोकांत घालायची आणि वर आगकाड्या खोचायच्या. ही पद्धत मी नोकरीला लागण्याच्याही आधीची असून नव्या शिक्षकाला पहिल्याच दिवशी शिकवली जाते. चहा बंद झाला, आणि सहकाऱ्यांचे माझ्याशी बोलणे बंद झाले. पिवळ्या चिठ्ठ्या तर मोजायची सोय नाही. मुले रस्त्यावर उतरली. शिंप्याच्या इस्त्रीला चिठ्ठी, बेकरीवाल्याच्या ओल्या हातांना चिठ्ठी. कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या मशिनची वायर उसवलेली निघाली, तेव्हा त्याने नेमके ते तीन शब्द उच्चारले, आणि मशीन जागच्या जागी बंद पडले. त्या वेळी खुर्चीत बसलेल्या गृहस्थांचे निम्मेच डोके झाले होते. ते मुख्याध्यापिका बाईंचे यजमान निघावेत हा माझा भोग. ते हल्ली टोपी घालतात. बाईंनी मला बोलावून एवढेच विचारले, तुमच्या घरी काय परिस्थिती आहे? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, असेही त्या पुढे म्हणाल्या, पण म्हण अर्धीच सोडली. मी छाती ठोकून सांगितले की माझ्या घरात बोट ठेवायला जागा नाही.

त्याच संध्याकाळी आमचे कन्यारत्न वहीसह स्वयंपाकघरात शिरले. ती माझ्याच वर्गात आहे हे तुम्हाला माहीत आहे. तपासणीचा बिल्ला लावला की मला घरीही सर म्हणते. तिने शेगडीची रबरी नळी वाकवून पाहिली, तिच्यावर छापलेली तारीख वाचली आणि म्हणाली, सर, ही नळी माझ्याहून मोठी आहे. मी पेपर वाचत होतो. वर न पाहता म्हणालो, "काही होत नाही गं." माझ्या तोंडातून शब्द गेले आणि मी पेपर खाली ठेवला. तिचे डोळे भरले होते. तिने कॉक बंद केला, चिठ्ठी काढली, मागे गोंद लावला, आणि रडत रडत चिकटवली. आमच्या सौभाग्यवतींकडे मी आशेने पाहिले. त्या म्हणाल्या, नळी बदला म्हणून मी तीन वर्षे सांगते आहे, आता अधिकृत माणूस येईपर्यंत मी कचेरीतल्या उपाहारगृहात जेवेन, मुलगीही तिथेच जेवेल, तुमचे तुम्ही बघा. गॅस कंपनीला कळवले, तर तपासणीसाठी तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. तेव्हापासून मी केळी, काकड्या आणि पाव यांवर आहे. काल शाळेत फळ्यावर "शिजवणे" हा शब्द लिहिला आणि तीनदा गिरवला.

असो. मुलीचा हट्ट आहे दुसरे काय. नळी जुनी असेल, पण तुमच्यासारख्या जाणकाराने पाहिली तर तुम्हीही हसून सोडून द्याल अशीच आहे. बाकी सर्व ठीक. तुमच्या गल्लीत राहणारे बसचे ड्रायव्हर आज पाच वाजता इथून निघतात, त्यांच्या हाती हे पत्र देतो. उत्तराची मुळीच घाई नाही. उद्या संध्याकाळच्या परतीच्या बसने पाठवलेत तरी चालेल. तब्येतीला जपा, आणि दवाखान्याच्या त्या पंख्याखाली पुन्हा बसू नका.

तुमचा आज्ञेत राहू पाहणारा
भाचा

ता. क. पाकिटात एक फॉर्म सापडेल. तो चुकून गेलेला नाही. तुमचा तपासनिसाचा परवाना तहहयात आहे, असे तुम्हीच मागे म्हणाला होतात. तपासणीची तारीख गेल्या रविवारची घातली आहे, "नळी व जोडणी निर्दोष" हेही लिहून ठेवले आहे. जिथे पेन्सिलीची फुली आहे तिथे फक्त सही करायची. इथवर येण्याची तसदी घेऊ नये. ऑपरेशननंतर प्रवास बरा नव्हे.

ता. क. दुसरा. हे मामींना सांगू नये. मामी आमच्या घरात सांगतील.

ता. क. तिसरा. मामाआजोबा, हे मी लिहिते आहे. बाबा शाळेतून आल्यावर पाकीट टेबलावर ठेवून चपला शोधत आहेत. मी वाचले, कारण वर तुमचे नाव होते. तुम्ही सही करू नका. नळी वाकवली की तिला भेगा दिसतात आणि बाबांनी ती वाकवून पाहिलेली नाही. तुम्ही न बघता सही केलीत तर मला तुम्हालाही लाल चिठ्ठी लावावी लागेल. मला ते अजिबात आवडणार नाही, कारण मला तुम्ही आवडता. तुमचा डोळा आता दुखतो का?

ता. क. चौथा. मामा, वरचा मजकूर मी पाहिला आणि माझे डोके फिरले. आईला बोलाव, म्हटले, एकदाच काय तो निकाल लावू. वाटीत साबणाचे पाणी केले, तुम्ही करायचात तसे. मुलीने आधी सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या. मी नळीवर आणि जोडावर साबणाचे पाणी फासले आणि ऐटीत कॉक उघडला. बुडबुडे आले. एक नाही, दोन नाही. जोडापासून वीतभर नळीवर फेसाची रांगच उठली. मी वाटी हातात घेऊन नुसता पाहत उभा राहिलो. तिने कॉक बंद केला, माझी बाही धरली आणि मला घराबाहेर नेले, वर्गात मीच त्यांना शिकवले तसे, न धावता, न बोलता. मागोमाग तिची आई. जिन्यात मला इतकी लाज वाटली आणि त्या पोरीचा इतका अभिमान वाटला, की आधी काय वाटले ते सांगता येणार नाही. तुम्ही भाच्याच्या मायेपोटी सही केली असतीत, तर शनिवारी मी साहेबांसमोर, चौतीस मुलांना भोवती उभे करून, त्याच शेगडीपुढे काडी ओढणार होतो. फॉर्म फाडला आहे. तुम्ही तो पाहिला नाहीत असे समजा, आणि मी लिहिला होता हे मात्र विसरू नका.

ता. क. पाचवा, आणि खरी विनंती एवढीच. बाहेर येऊन फोन केला. गळती आहे म्हटल्यावर तीन आठवड्यांचा माणूस वीस मिनिटांत आला. पण आल्याआल्या त्याने आमच्या दारावरची विजेची बेल दाबली. गॅसच्या गळतीला आलेला माणूस बटण दाबतो, ठिणगी उडाली असती तर, असे म्हणून गल्लीतल्या माझ्या चार विद्यार्थ्यांनी त्याच्या पाठीवर लाल चिठ्ठी लावली. वापर बंद. बिचारा समंजस आहे, चूक झाली म्हणतो, पण ती चिठ्ठी अधिकृत माणसानेच काढायला हवी, आणि आमच्याकडचा अधिकृत माणूस तोच. तो खालच्या पायरीवर बसला आहे, मी त्याच्या शेजारी बसून गुडघ्यावर कागद धरून हे लिहितो आहे, मघाशी मी त्याला एक केळे दिले. बस सुटायला दहा मिनिटे आहेत. तेव्हा मामा, डोळा सांभाळून, मामींना सांगून, उद्याच्या पहिल्या बसने या. दारावरची बेल दाबू नका, कडी वाजवा. आणि ओळखपत्र विसरू नका; आमची मुलगी तुम्हाला ओळखते, पण त्याचा काही उपयोग होणार नाही.